जलरंगात नदी आणि डोंगर: मेणवलीचा घाट घेऊन थोडी चर्चा

पाणरंग

इथे, या चर्चास्थळावर टाकली जाणारी जलरंगातली निसर्गचित्रं मी आवडीने बघतो. एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे, ती आज लिहून टाकतो. बहुतेकांचे डोंगर आल्प्समधले असतात आणि नदी कॅनडातली. दोष कुणाचाच नाही. शिकवणारे व्हिडिओ तिकडचे, त्यामुळे टोकदार सुळका, पायथ्याशी सूचिपर्णी झाडं आणि समोर नितळ निळं पाणी हीच रीत हाताला लागते. त्या रीतीने कृष्णाकाठ रंगवला की चित्र नेटकं होतं, पण वाईचं होत नाही.

उदाहरणाला मेणवली घेतो. वाईपासून तीनेक किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेत उतरणारा दगडी घाट, देवळं, मोठी झाडं, संथ पात्र आणि लांबवर डोंगर. सुटीच्या दिवशी घाटावर स्टुलं टाकून बसलेले चित्रकार हमखास भेटतात.

पहिला प्रश्न रंगांचा नाही, बसायचं कुठे हा आहे. खालच्या पायरीवर बसलात तर पात्र बारीक पट्टीसारखं दिसतं आणि पलीकडची झाडी मोठी होते. वरच्या पायरीवरून तेच पात्र रुंद पसरतं. दोन्ही चित्रं चांगली होऊ शकतात, पण वर उभं राहून पाणी काढायचं आणि खाली बसून पायऱ्या काढायच्या हे चालत नाही. डोळ्याची पातळी एकच ठेवा आणि कागदावर ती रेघ सगळ्यांत आधी मारा.

आता डोंगर. सह्याद्रीचा डोंगर बघताना आधी आडव्या रेघा शोधायच्या. माथा बहुधा सपाट, त्याखाली उभा कातळ, कातळाखाली गवताळ उतार, परत कातळ, परत उतार. शेजारच्या दोन डोंगरांमध्ये अख्खी दरी असली तरी त्यांचे कातळपट्टे पुष्कळदा एका पातळीत जुळतात. मी बाह्यरेषेच्या आधी हे पट्टे टिंबांनी मारून घेतो. बाह्यरेषा थोडी हलली तर कुणाला कळत नाही, पट्टे तिरके गेले की अख्खा डोंगर कलंडतो.

आकाश आणि सगळ्यांत लांबची रांग मी एकाच ओलीत उरकतो. कोबाल्ट ब्लू, क्षितिजाजवळ अगदी पातळ यलो ओकर. मग थांबायचं. कागदाची चकाकी गेली आहे, पण हाताची मागची बाजू टेकवली तर गार लागतंय, अशा वेळी कोबाल्टमध्ये किंचित लाइट रेड घालून लांबची रांग टाकायची. कडा मऊ राहते आणि पसरतही नाही. चकाकी असताना घाई केली तर डोंगर आकाशात पळून जातो. दुसरी रांग मात्र खडखडीत वाळल्यावरच. तिथे अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). वरून रंग ओढत आणायचा आणि पायथ्याशी नुसत्या पाण्याच्या ब्रशने विरवून टाकायचा. दरीतलं धुकं, धूळ, चुलींचा धूर, काही ना काही असतंच. पायथा माथ्यापेक्षा फिकाच ठेवावा. ही एवढी एक गोष्ट केली तरी चित्रात हवा येते.

आणि पाणी. ते निळं नसतं हो! लांबच्या पाण्यावर आपली नजर जवळजवळ घासून जाते, तिथे पाणी आरसा असतं: आकाश, झाडी, डोंगर. पायाशी खाली बघितलं की नजर पाण्याच्या आत उतरते, कारण सरळ खाली बघताना पाणी जेमतेम दोन टक्के उजेड परत फेकतं. म्हणून पुढचं पाणी शेवाळी, तपकिरी, तळाचे दगड दाखवणारं, आणि मागचं आकाशाच्या रंगाचं. आपण करतो बरोबर उलट. पुढे गडद निळा ओततो, कारण पुढची गोष्ट ठळक हवी असं कुणीतरी शिकवलेलं असतं.

प्रतिबिंबाचा साधा नियम: गडद वस्तूचं प्रतिबिंब किंचित फिकं, उजळ वस्तूचं किंचित गडद. ब्रशचे फटकारे सरळ खाली, तेही पाण्याचा भाग ओला असताना. मग अर्धवट ओलीत जवळजवळ कोरड्या फ्लॅट ब्रशने एक-दोन आडवे पट्टे उचलायचे. एक-दोनच. पाच झाले की नदीवर जिना दिसतो.

बाकीचं प्रतिसादांत. मतभेद असतील तर जरूर लिहा, एकमताच्या धाग्यात मजा नसते.

कातळकडा

वा, डोंगराच्या आडव्या रेघांवर कुणीतरी बोललं एकदाचं. कारण थोडक्यात लिहितो, रंगवताना उपयोगी पडेल.

दख्खनचा हा सगळा भाग लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. थर जवळपास आडवेच पसरले. एकेका थरात खालचा-मधला भाग घट्ट, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र. घट्ट भाग झिजायला वेळ घेतो, त्याचा उभा कडा होतो. सच्छिद्र भाग लवकर झिजतो, तिथे उतार होतो, माती धरते, गवत आणि झाडं येतात. म्हणून कडा-उतार-कडा-उतार. दोन डोंगरांचे पट्टे जुळतात ते याचमुळे. एके काळी तो एकच सलग थर होता, मधली दरी पाण्याने नंतर कोरली.

रंगाच्या दृष्टीने दोन गोष्टी. काही थरांच्या मध्ये विटकरी लाल रंगाची पातळ पट्टी दिसते, तिला आम्ही लाल बोल म्हणतो. जवळच्या डोंगरात ती दिसली तर लाइट रेडची एक बारीक रेघ द्यायला हरकत नाही. दुसरं, पाचगणीच्या पठारावर जांभ्याचा जाड थर आहे. वाईच्या बाजूने बघताना तो माथा अगदी सपाट दिसतो. लोक चित्रात त्याला उगाच गोलाई देतात, कारण डोंगर सपाट असू शकतो हे हाताला पटत नाही.

चिंगी

आपण सगळ्यांनी शाळेत एकच चित्र काढलंय! दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, त्या खिंडीतून वळणं घेत येणारी नदी, काठावर झोपडी, एक नारळ आणि आकाशात चारच्या आकड्याचे पक्षी. देशावरच्या शाळेतही नारळ!

चेष्टा बाजूला ठेवून एक खरा प्रश्न विचारते. माझ्या चित्रात नदी कायम उभी राहते. म्हणजे जमिनीवरून वाहण्याऐवजी डोंगरावर चढत चाललेला रस्ता वाटते. रंग बदलून पाहिले, फरक पडत नाही. काय होतंय?

त्रिज्या

चिंगीताई, रंगाने फरक पडणारच नाही, हे भूमितीचं दुखणं आहे. आकडेमोड करून दाखवतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

समजा तुम्ही खालच्या पायरीवर बसला आहात आणि डोळे पाण्याच्या पातळीपासून दीड मीटर वर आहेत. पाण्याचा जवळचा काठ तुमच्यापासून ३ मीटरवर, पलीकडचा काठ ६० मीटरवर. डोळ्याच्या रेघेपासून कुठलीही जागा कागदावर किती खाली येते, ते उंची भागिले अंतर एवढ्या प्रमाणात ठरतं. जवळचा काठ: १.५ भागिले ३, म्हणजे ०.५. पलीकडचा काठ: १.५ भागिले ६०, म्हणजे ०.०२५. आता नदीच्या बरोबर मध्यावर, ३१.५ मीटरवर, एक होडी उभी करा. ती येते ०.०४८ वर.

म्हणजे कागदावर पाण्याची पट्टी समजा २० सेंटिमीटर उंच काढलीत, तर होडीपासून पलीकडच्या काठापर्यंतचं अर्धं पात्र त्यातल्या फक्त एका सेंटिमीटरमध्ये मावलं पाहिजे. आपण देतो आठ-दहा सेंटिमीटर. मग नदी उभी राहील नाही तर काय करेल!

नागमोडी नदीत हेच होतं. लांबचं वळण इतकं चेपलं जातं की ते जवळजवळ आडवी रेघ होतं. पुढचं वळण ऐसपैस, त्यामागचं एकदम बारीक, त्यामागचं नुसता चकाकणारा धागा. शाळेच्या चित्रात तिन्ही वळणं सारख्या मापाची असतात.

चिंगी

एक सेंटिमीटर?! आत्ता जुनं चित्र काढून पट्टीने मोजलं. बोलण्यासारखं नाही. धन्यवाद त्रिज्या, असं कुणी सांगितलंच नव्हतं.

मुळाकाठ

+१. त्रिज्यांच्या म्हणण्याला जोड देतो. पलीकडच्या काठाची रेघ एकदम आडवी ठेवा. काठ तिरका धावत असला तरी लांबवर तो चेपून आडवाच दिसतो. फोटोवर पट्टी ठेवून बघा, विश्वास बसत नाही.

प्रतिबिंबाबद्दलही एक लिहायचं राहिलंय. प्रतिबिंब म्हणजे वरच्या दृश्याची उलटी नक्कल नव्हे. पाण्यातलं दृश्य हे जणू पाण्याखालून, तुमच्या डोळ्याइतक्याच खोलीवरून बघितलेलं असतं. तिथून काठावरची जवळची झाडं डोंगराला जास्त झाकतात. म्हणून वर झाडांच्या मागे भरपूर डोंगर दिसतो, आणि पाण्यात त्याचं टोकच दिसतं किंवा अजिबात दिसत नाही. जितक्या उंचावर बसाल तितका हा फरक वाढतो. फोटोशॉपमध्ये वरचा भाग उलटा करून चिकटवलेली चित्रं यामुळेच खोटी वाटतात. कारण सांगता येत नाही, पण डोळ्याला खटकतं.

आबा करवीर

चर्चा चांगली चालली आहे, पण पट्ट्या आणि भागाकार ऐकून थोडी धास्ती वाटली. चित्र काढायचंय का पूल बांधायचाय?

आमच्या कोल्हापुरात आबालाल रहिमान होऊन गेले. निधन १९३१ सालचं. शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. कोटीतीर्थाच्या काठी राहायचे आणि कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगा हीच पाणी वेगवेगळ्या वेळी रंगवत राहिले. जागा त्याच, उजेड वेगळा. मला वाटतं नदी शिकायची ती अशी. मेणवलीला एकदा जाऊन चित्र आणण्यापेक्षा घराजवळचा ओढा, तळं, कालवा पकडावा आणि त्यालाच चिकटून राहावं. सकाळी पाणी कसं, दुपारी कसं, वारा सुटल्यावर कसं, हे मग आपोआप हातात येतं.

आणि जुने चित्रकार बघा. एम. के. परांडेकर, तासकर, हळदणकर. व्हिडिओपेक्षा मूळ चित्रासमोर उभं राहिल्यावर जे कळतं ते वेगळंच. वाईला जाताच आहात तर सातारा जिल्ह्यातलंच औंधचं श्री भवानी संग्रहालय वाट वाकडी करून बघा. औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उघडलेलं, चित्रकार धुरंधरांची कामं आहेत तिथे. जलरंगात किती कमी रंगात किती सांगता येतं ते नाक काचेला लावून बघायचं.

त्रिज्या

आबा, पूल बांधणाऱ्याचंच पोट आहे माझं, सवय जात नाही. :)

पाणरंग

आबांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. भागाकार डोक्यात एकदा बसला की तो विसरूनच काढायचं.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर: संथ पाण्यावर वाऱ्याची झुळूक येते तेव्हा मधेच एक फिकट, आडवा पट्टा चमकतो. तिथे पाणी बारीक तरंगांनी तिरकं झालेलं असतं, म्हणून समोरच्या झाडाऐवजी वरचं आकाश दाखवतं. मी वर म्हटलेले एक-दोन उचललेले पट्टे हेच. ते मनाला येईल तिथे नसतात. गडद प्रतिबिंब कापून जातील अशाच जागी ठेवा, नाहीतर दिसतच नाहीत.

सावनी

पावसाळी नदीचं काय? मी दर वर्षी ऑगस्टमध्ये बघते ती कृष्णा तर चहाच्या रंगाची असते.

मुळाकाठ

सावनीताई, गढूळ पाण्याचे नियम उलटे. प्रतिबिंब पुसट होतं, पाण्याचा स्वतःचा रंग वर येतो. आणि झाडाची सावली, जी नितळ पाण्यावर जवळजवळ पडतच नाही, ती गढूळ पाण्यावर स्वच्छ पडते. ऊन असेल तर. यलो ओकर, बर्न्ट सिएना आणि चिमूटभर अल्ट्रामरीन, एवढ्यात पुराचं पाणी होतं. वरून प्रतिबिंबाचा पातळ करडा हात. डोंगर तेव्हा ओले, जवळचे. हवेतली धूळ धुऊन गेल्याने रांगा चक्क जवळ येतात. एप्रिल-मेमध्ये त्याच रांगा धुरकट, मातकट करड्या. म्हणून लांबचा डोंगर निळा हा नियमही डोळे झाकून पाळू नये. उन्हाळ्यात तो कित्येकदा फिकट गुलाबी-राखाडी असतो.

हिरवा_नको

आयडी बघून कळलंच असेल. हिरव्याबद्दल दोन शब्द.

ट्यूबमधला सॅप ग्रीन किंवा व्हिरिडियन तसाच लावला की झाडी प्लॅस्टिकची होते. नदीकाठी आपल्याकडे करंज, उंबर, वाळुंज, आंबा, बाभूळ असतात. करंजाचा हिरवा पिवळसर आणि चकचकीत, आंब्याचा काळपट, बाभळीचा राखाडी. हे तिन्ही अल्ट्रामरीन, गॅम्बोज (पिवळा) आणि बर्न्ट सिएना यांच्या कमी-जास्त मिश्रणातून निघतात. बर्न्ट सिएना हीच त्यातली किल्ली, तिने हिरवा जमिनीवर येतो. व्हिरिडियन वापरायचाच तर त्यात लाल मारून करडा करा.

आणि झाडांच्या खालची कडा काठावर सलग काळी करू नका. मधे मधे पाण्याला भिडू द्या, म्हणजे झाड आणि प्रतिबिंब एकाच ओल्या आकारात मिसळतात. काठ नंतर एखाद्या कोरड्या रेघेने दाखवायचा, तोही तुटक.

नवशिका

मंडळी, सगळं वाचतोय, वाचनखूण साठवली. पण सुरुवातीला घ्यायचं काय? दुकानात गेलो तर आठ हजारांचं सामान काढून ठेवलं समोर.

हिरवा_नको

परत ठेवायला सांगा.

कागदावर पैसे घाला, बाकीवर नको. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत). पूर्ण शीट २२ बाय ३० इंचांची येते, तिचे चार तुकडे करा. रंग साधे चालतील, कॅम्लिनच्या आर्टिस्ट दर्जाच्या ट्यूबा सुरुवातीला पुरे. अल्ट्रामरीन, कोबाल्ट, बर्न्ट सिएना, यलो ओकर, लाइट रेड, गॅम्बोज. ब्रश तीन: पाणी भरपूर धरणारा मोठा गोल, एक इंची फ्लॅट, आणि फांद्यांसाठी लांब केसांचा रिगर. पोस्टर कलरची बाटली मात्र चुकून उचलू नका, तो वेगळा प्रकार. पारदर्शक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, त्यात होत नाही.

स्वस्त लाकडी लगद्याच्या कागदावर वरची अर्धी कृती होणारच नाही. ओल टिकत नाही, रंग उचलला की कागदाचा भुगा येतो, आणि माणूस समजतो की आपल्यालाच जमत नाही.

आबा करवीर

अलिझरिन क्रिम्सन कुणी सुचवला तर घेऊ नका, जुन्या पद्धतीचा तो रंग उजेडात उडतो. संध्याकाळचा गुलाबी डोंगर काही वर्षांत राखाडी होतो.

इन्व्हरनेसकर

स्कॉटलंडहून नमस्कार. आमच्याकडे नद्या आणि डोंगर भरपूर, पण उन्हाळा सोडला तर वॉश वाळतच नाही. हवेत इतकी ओल की पहिला हात टाकून डबा खाऊन आलं तरी कागद तसाच. तुमची रडगाणी बरोबर उलटी असतील.

अवांतर: हिवाळ्यात बाहेर बसून रंगवणारे काही लोक पाण्यात थोडी जिन किंवा व्होडका घालतात, म्हणजे ब्रशवर बर्फ धरत नाही आणि वाळतंही लवकर. उरलेल्या बाटलीचं काय करतात हे विचारू नये. इथले डोंगर गोलसर, हिमनद्यांनी घासलेले, त्यामुळे तुमच्या त्या आडव्या पट्ट्यांची आठवण येते. माहेरी आले की मी कातळ काढत बसते.

पाणरंग

:) आमच्याकडे जिन नको, ग्लिसरीन लागतं. मे महिन्यात घाटावर बसलात तर ब्रश कागदावरून उचलायच्या आत कडा वाळलेली असते. पाण्याच्या भांड्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाकले की वॉश जरा जास्त वेळ ओला राहतो. जास्त टाकू नका, चिकट होतो. त्यापेक्षा कागद आधी दोन्ही बाजूंनी भिजवून ओल्या बोर्डवर चिकटवणं चांगलं, बराच वेळ ओल धरतो. आणि सकाळी लवकर बसावं. तेव्हा ऊन तिरकं असतं, कड्यांवर सावल्या पडतात आणि ते पट्टे खरे दिसतात. भर दुपारी सह्याद्री सपाट होतो, काढण्यासारखं काही उरत नाही.

पणजीचा_पाव

गोव्यातून झब्बू. आमची मांडवी भरती-ओहोटीची, डोंगर बुटके आणि जांभ्याचे, काठावर खारफुटी. ओहोटीला चिखलाचा चकचकीत पट्टा उघडा पडतो, तो पाण्याहून उजळ दिसतो. ही गंमत देशावरच्यांना मिळायची नाही. चित्र नंतर डकवतो.

डोंगरवेडा

फोटोवरून काढणाऱ्यांसाठी एक सूचना. फोनचा नेहमीचा कॅमेरा बराच रुंद कोन घेतो, त्यात डोंगर पार लहान आणि लांब होतो, आणि पुढच्या पायऱ्या अवाढव्य. घाटावर उभं असताना जो डोंगर अंगावर आल्यासारखा वाटत होता तो फोटोत टेकडी होतो, मग चित्रातही तसाच येतो. दुप्पट झूम करून फोटो घ्या. शिवाय कॅमेरा सावल्या काळ्या करतो आणि आकाश पांढरं. सावलीत प्रत्यक्षात किती रंग होते हे तिथेच वहीत दोन शब्दांत लिहून ठेवलं तर घरी उपयोग होतो: "पायरीची सावली जांभळट", "पलीकडची वाळू फिकी नारिंगी" असं.

मेणवलीच्या घाटावर नाव घ्यायची अजून एक गोष्ट म्हणजे तिथली घंटा. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांच्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी एक. ती जिथे टांगली आहे ती छोटी दगडी इमारत चित्रात मधल्या अंतरावर उभी आकृती म्हणून फार कामाला येते. सगळं आडवं असताना एक उभं काहीतरी हवंच असतं.

सावनी

आता भांडणाचा विषय काढते. पांढरा रंग. नदीवरची चमक कागद मोकळा ठेवून मिळते, हे कळतं. पण राहून गेली तर वरून पांढरा गॉश (अपारदर्शक जलरंग) लावायचा की नाही? आमचे सर म्हणायचे, लावला तर ते जलरंगचित्र नाही.

आबा करवीर

सरांचं बरोबर आहे. कागदाचा पांढरा तो कागदाचा पांढरा. गॉश खडूसारखा बसतो, चमकत नाही. ज्याला जागा मोकळी ठेवता येत नाही त्याने आणखी कागद खर्च करावेत.

मुळाकाठ

आबा, आदर राखून असहमत. जलरंगात इंग्रज चित्रकार टर्नरपेक्षा मोठं नाव काढणं कठीण. त्याने फ्रान्समधल्या सेन आणि लुआर नद्यांची मालिका केली, ती निळ्या कागदावर, अपारदर्शक रंग सर्रास वापरून. बाकीच्या जलरंगांत तो खरवडून उजेड काढायचा. शुद्धतेचा हा सोवळा नियम नंतर कडक झाला. मी स्वतः चमक आधी राखतो, आणि अगदी शेवटी होडीची दोरी, बगळा, एखादा थेंब एवढ्यासाठी पांढरा घेतो.

आबा करवीर

टर्नरने केलं म्हणून आपण करायचं तर त्याच्याएवढं आधी काढावं लागेल. तुमचा बगळा मात्र माफ.

पाणरंग

मी मधल्या वाटेवर. चाकूच्या टोकाने वाळलेल्या कागदावर आडवं हलकं खरवडलं की पाण्यावरची उन्हाची चमचम छान येते, आणि तो कागदाचाच पांढरा असतो, आबाही नाही म्हणणार नाहीत. पण हे सगळ्यांत शेवटी, कारण खरवडलेल्या जागी परत रंग लावला तर डाग पडतो. मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावायचा आणि नंतर सोलून काढायचा द्रव) मला नदीसाठी आवडत नाही. त्याच्या कडा करकरीत येतात, पाण्यावरचा उजेड तसा नसतो. वापरलंच तर उन्हात बोर्ड ठेवून चहाला जाऊ नका. तापलं की ते कागदाला धरून बसतं आणि काढताना साल निघते.

नवशिका

कॉटनचा कागद आणला, कामाला लागलो. आधी एक अडचण. घरात जुना चांगला कागद मिळाला, काकांनी ठेवलेला, मुंबईतल्या कपाटात. त्यावर आकाशाचा वॉश टाकला तर मधेच गडद ठिपके ठिपके आले, टिपकागदावर शाई पडल्यासारखे. कागद महागाचाच आहे. माझं काय चुकलं?

हिरवा_नको

तुमचं काही नाही, कागदाचं आयुष्य संपलंय. चांगल्या कागदाला जिलेटिन किंवा स्टार्चचं पाणी दिलेलं असतं, त्यामुळे रंग वर तरंगतो. दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की ते जागोजागी मरतं, आणि तिथे रंग एकदम आत शोषला जातो. डोळ्याला कागद कोरा करकरीत दिसतो, ओला केल्यावरच कळतं. तो फेकू नका. पेन्सिल, पेन, पेस्टलला चालेल.

नवा कागद आणलात की वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, हवाबंद. भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, आडवा ठेवा. आणि पावसाळ्याच्या आधी वापरून टाका, हा सगळ्यांत चांगला उपाय.

हातकागद घेणार असाल तर आधी कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. तसाच फुगून उभा राहिला तर घ्या, लगेच आत गेला तर वॉशसाठी निरुपयोगी.

नवशिका

थेंबाची चाचणी केली. काकांचा कागद नापास, नवा पास. रविवारी घराजवळच्या कालव्यावर जातोय, आबांच्या सांगण्याप्रमाणे. बोर्ड किती तिरका धरायचा?

पाणरंग

आकाशाला वीसेक अंश, पाठीमागे जाडजूड पुस्तक ठेवलं तरी चालतं. रंगाचा मणी खालच्या कडेला जमतो, तो प्रत्येक फटकाऱ्यात खाली ओढत न्यायचा आणि शेवटी पिळलेल्या ब्रशने टिपायचा, नाहीतर परत वर चढून फुलकोबीसारखा डाग पडतो. पाणी रंगवायला आलात की बोर्ड सपाट ठेवा. चित्र झालं की इथेच टाका.